थोरलीचं कपाळ

आमच्या घरात उघडलेला कुंकवाचा करंडा कुणाच्या तरी कपाळाला लागल्याशिवाय बंद करत नाहीत. हा नियम कुणी केला ते विचारायचं नसतं. सासरे होते तेव्हा एका चैत्रात शेजारची बाई हळदीकुंकवाला दारापर्यंत आली, मी करंडा उघडला, तेवढ्यात तिला फोन आला आणि ती तशीच लिफ्टने खाली निघून गेली. घरात मी आणि सासूबाई दोघीच, आणि दोघींच्या कपाळावर आधीच होतं. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला फ्रिजच्या दाराला बोट लावायला सांगितलं. "नवीनच आहे, त्यालाही बरं," असं म्हणून त्यांनी करंडा मिटला. पुढे जेव्हा जेव्हा अशी अडचण आली तेव्हा फ्रिजनेच निभावून नेली. तो फ्रिज अजून चालू आहे.

फ्रिजच्या वर थोरली असायची. थोरली म्हणजे माझ्या नवऱ्याची खापरपणजी. तिचं मोठं तैलचित्र बाळकुमच्या जुन्या घरातून आमच्याबरोबर डोंबिवलीला मानपाड्याच्या फ्लॅटमध्ये आलं, टेम्पोत, गोधडीत गुंडाळून. घर बिल्डरला दिलं होतं आणि फ्लॅटच्या भिंती चित्राचा विचार न करता बांधलेल्या होत्या. तेवढी एकच जागा मिळाली.

चित्र म्हणायचं एवढंच. उदबत्तीच्या धुराने ते सगळं तपकिरी झालं होतं. त्यात एक चेहरा असल्याचा अंदाज यायचा, गळ्यात चंदनाच्या सालीचा हार घातलेला होता, आणि कपाळावर कुंकू. हे कुंकू कुणी रंगवलेलं नव्हतं, आम्ही लावलेलं होतं. आमच्या आधी ज्या होत्या त्यांनीही लावलेलं. दर चैत्रात गौरीच्या आधी थोरलीला लागायचं, त्यावर पुढच्या वर्षीचं, असं करत करत तिथे चांगला रुपयाएवढा जाड थर झाला होता. नवीन सून घरात आली की तिला आधी थोरलीसमोर उभं करायचे. कारण थोरली अहेव गेली, म्हणजे नवऱ्याच्या आधी, भरल्या कपाळाने. तिला कुंकू लावायचं आणि तिच्याजवळ तसंच मरण मागायचं. मलाही उभं केलं होतं. मी काय मागितलं ते नक्की आठवत नाही. मे महिना होता, शालू अंगावर होता, बहुतेक मी पंखा मागितला.

सासूबाईंनी मात्र नीट मागितलं असणार. त्या कुठलंही काम अर्धवट करत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी सासरे गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःच कपाळ पुसलं. आम्ही कुणी सांगितलं नव्हतं, उलट नवरा म्हणाला, "आई, आता असं कुणी करत नाही. टिकली लाव." त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाला आण परत, लावते."

त्यानंतरच्या चैत्रात त्यांनी पहाटे उठून डाळ भिजत घातली, कैरी किसली, गौरीचा झोपाळा मांडला, पन्हं केलं आणि संध्याकाळी बायका यायला लागल्या तशा आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. पूर्ण लावलं नाही. त्या फटीतून त्यांचं लक्ष सगळीकडे होतं. "डाळीत मीठ कमी आहे गं," असा आवाज यायचा. थोड्या वेळाने, "हरभरे ओंजळभर दे, मोजून काय देतेस." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आलेल्या बायका हसायच्या. मला हसू यायचं नाही. ज्या बाईने आयुष्यभर हा समारंभ केला ती बेडरूममध्ये पलंगाच्या कडेवर बसून मिठाचं सांगतेय, याचा मला फार राग यायचा. राग नक्की कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून मी डाळीत मीठ घालायचे.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. जेवायला बसायची खुर्ची बदलली. आधी त्या फ्रिजसमोर बसायच्या, आता फ्रिजकडे पाठ करून बसायला लागल्या. मी विचारलं तर आधी म्हणाल्या उजेड डोळ्यांवर येतो. मग एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "थोरली बघते गं. ती अहेव गेली. मला नाही जमलं." सासऱ्यांची आणि त्यांची शर्यत लागली होती आणि त्या मागे पडल्या, असंच त्यांना वाटत होतं. बेचाळीस वर्षं नवऱ्याची पथ्यं सांभाळली, त्याला इतकं जगवलं, आणि लाज यांना. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, मेथीला माती फार आहे.

अशात एक दिवस ड्रॉइंगचे सर आले. हे बाळकुमच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलं की राणीच्या राज्यात आमच्याच गावचा एक मुलगा मुंबईला जाऊन गोऱ्या साहेबांच्या हाताखाली तैलरंग शिकला, परत आला आणि गावातल्या माणसांची चित्रं काढत बसला. त्याचं घर मध्ये रेशनचं दुकान होतं, मग गणपतीच्या मखराचं गोडाऊन, मग कॅरम क्लब. आता त्याचा जीर्णोद्धार होऊन तिथे त्याच्या चित्रांचं दालन होणार होतं. सर घरोघर फिरून चित्रं गोळा करत होते. थोरलीसमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि दोन पावलं मागे जाऊन डायनिंग टेबलला धडकले.

मला वाटलं सासूबाई साफ नाही म्हणतील. पण त्या लगेच द्यायला तयार झाल्या. पाठ करून जेवायचा त्यांना कंटाळा आला असावा. एकच अट घातली. "चैत्राच्या हळदीकुंकवाला घरची सवाष्ण येऊन तिला कुंकू लावेल. त्यात खंड पडता कामा नये." सर म्हणाले, "अवश्य, मावशी. तुमचंच चित्र आहे." सरांचा स्वभाव भिडस्त होता, हे आम्हाला नंतर कळलं.

चित्र दुरुस्तीला गेलं. तिथे ते बरेच महिने राहिलं. फ्रिजच्या वरची भिंत चौकोनी आकारात तेवढीच पांढरी दिसायची. मग पाडव्याच्या आसपास दालन उघडल्याचा सरांचा फोन आला, आणि आमच्या हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. संध्याकाळी पाच वाजता बायका येणार होत्या, डाळ वाटायची राहिली होती, पण सासूबाईंचं ठरलेलं होतं. "आज तिचं कपाळ रिकामं राहायचं नाही. तू लाव. मी लांब उभी राहीन."

माणकोलीच्या नव्या पुलावरून गेलो. नवरा गाडी चालवताना पुलाचं कौतुक करत होता, जणू त्यानेच बांधलेला. बाळकुमला पोचलो तर आमचं घर होतं तिथे टॉवर, शेजाऱ्यांचं होतं तिथे टॉवर, आणि चित्रकाराचं बैठं कौलारू घर एका कॉम्प्लेक्सच्या आत, पोहण्याच्या तलावाच्या बाजूला. गेटवर वॉचमनने विचारलं, "किस फ्लॅट में जाना है?" नवरा म्हणाला गॅलरी. वॉचमन म्हणाला, गॅलरी सगळ्याच फ्लॅटला आहे. शेवटी त्याने इंटरकॉम लावला आणि सर स्वतः चालत बाहेर आले. गाडी आत घेऊ दिली नाही. नवरा पार्किंग शोधायला गेला आणि आम्ही दोघी सरांच्या मागे निघालो.

घर सुंदर केलं होतं. इतकं, की त्यात कधी कुणी राहिलं असेल असं वाटत नव्हतं. तुळयांना पॉलिश होतं, जमिनीवर मुंगीसुद्धा नव्हती. दारावर पाटी होती: 'बाळकुमचा व्हिक्टोरियन चित्रकार'. सासूबाई दिसेल ते मोठ्याने वाचतात. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ख्रिश्चन झाला होता का?"

"नाही मावशी. व्हिक्टोरियन म्हणजे राणीच्या काळातला."

"मग तसं लिहा."

सर हो म्हणाले.

आत पहिल्या खोलीत गावचे पुरुष होते. पाटील, मिठागराचे शेठ, एक वैद्य, एक पागोटेवाले भटजी. सगळे एकाच खुर्चीत बसलेले, मागे तोच लाल पडदा, आणि सगळ्यांचा उजवा हात त्याच एका जाड पुस्तकावर. सरांनी सांगितलं की पाटलांना अक्षरओळख नव्हती, पण साहेबी चित्रात पुस्तक असतं म्हणून चित्रकाराने ठेवलं. एक चित्र खाडीचं होतं. खाडी आमचीच, चिखलासकट, पण वर आभाळ विलायती काढलेलं. त्या आभाळातून पाऊस पडला असता तर भाताला कधी पुरला नसता.

ती खुर्चीही तिथेच मांडून ठेवली होती, सिंहाच्या तोंडाचे हात असलेली, भोवती दोरी लावून. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्या सरळ तिकडे निघाल्या.

"मावशी, ती बसायची नाही."

"खुर्ची आहे ना?"

"पाहायची आहे."

सासूबाईंनी ती पाहिली. मग सरांनी आतून एक प्लास्टिकची खुर्ची आणली आणि आमच्या मागे मागे घेऊन चालायला लागले.

थोरली दुसऱ्या खोलीत होती. एकटीच, पूर्ण भिंतीवर, तिच्यावर दिवा सोडलेला. मी आधी तिला ओळखलंच नाही. तपकिरी रंग सगळा गेला होता. साधारण पन्नाशीची, सावळी, नाकेली बाई लाल लुगड्यात समोर बसली होती आणि आमच्याकडे सरळ बघत होती. डोळे थेट माझ्या नवऱ्याचे. तोच 'पटकन बोला' असा भाव. हार काढलेला होता. गळा मोकळा होता. मनगटंही मोकळी होती. आणि कपाळावर काहीच नव्हतं. गुळगुळीत, उजळ, मोकळं कपाळ.

खालची पाटी सासूबाईंनी सवयीप्रमाणे मोठ्याने वाचली.

"'एक विधवा. तैलरंग.'"

सर प्लास्टिकची खुर्ची धरून उभे होते.

"कुंकू कुठे गेलं?" सासूबाईंनी विचारलं.

चित्र दुरुस्त करणाऱ्या मुंबईच्या बाईंनी कापसाच्या बोळ्याने थर हलक्या हाताने काढत नेले, असं सर सांगू लागले. वरचा थर, मग त्याच्या खालचा, मधे तेल, मधे मेण. त्या प्रत्येक थराला थांबत होत्या, कारण शेवटी चित्रकाराने रंगवलेलं कुंकू लागेल आणि ते जपायला हवं, असं त्यांना वाटत होतं. "पण खाली काहीच नव्हतं, मावशी. शेवटी त्वचेचाच रंग निघाला. मंगळसूत्रही नाही. बांगड्या नाहीत. त्याने समोर होतं तसं काढलं."

"ती अहेव गेली," सासूबाई म्हणाल्या.

सरांनी पाटीकडे पाहिलं.

"सगळ्या सुनांना तिच्यासमोर उभं करतात. मलाही केलं."

मला भीती वाटली की त्या आता सरांना फैलावर घेतील, किंवा रडतील. ही बाई समोर आहे म्हणून त्यांनी दोन वर्षं पाठ करून जेवण केलं होतं. मला ओशाळल्यासारखं झालं आणि त्याच वेळी, खरं सांगायचं तर, आतून फार आनंद झाला. तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी पर्स उघडली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून करंडा बाहेर काढून उघडला आणि सरांना म्हटलं, "सर, शब्द दिलेला तुम्ही. आज कुंकू लावायला आलोय आम्ही."

सर कासावीस झाले. आता चित्राला कुणाला बोटही लावता येणार नाही, त्यांनाही नाही, बाई मुंबईहून येऊन रागावतील. "मी शब्द दिला तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं हो." मला त्यांची दया आली. पण करंडा उघडला होता.

सासूबाईंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी सरांच्या हातातून खुर्ची घेतली, चित्रासमोर ठेवली आणि बसल्या. थोरली वर बसलेली, या खाली.

"हातात काय आहे तिच्या?" त्यांनी विचारलं.

"किल्ल्या," सर म्हणाले. "सगळ्यांच्या हाताखाली पुस्तक आहे. हिने घेतलेलं दिसत नाही. स्वतःच्या किल्ल्या घेऊन बसली."

तेवढ्यात नवरा आला. पार्किंग गावदेवीच्या देवळापाशी मिळालं होतं. त्याने चित्राकडे पाहिलं, पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं. मी त्याला थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे घरात सगळे खोटं बोलत आले?"

"थांब रे," सासूबाई म्हणाल्या. त्या बोटांवर काहीतरी जुळवत होत्या. "मला माझ्या सासूने सांगितलं. तिला तिच्या सासूने. आणि ती म्हणजे हिची सख्खी सून. तिने हिला डोळ्यांनी पाहिलेली. एका चुलीवर जेवलेल्या त्या."

"तेच म्हणतो मी. तिला तर माहीत होतं."

"माहीत होतं म्हणूनच लावलं असेल." त्या थोरलीकडे बघत होत्या. "हिच्या किल्ल्या तिच्याकडे आल्या असतील, हिचं चित्र भिंतीवर. चैत्रात बायका आल्या असतील घरात. सासूचं कपाळ तसंच बघवलं नसेल तिला. लावलं. मग कुणीतरी विचारलं असेल, अगं हे काय? मग सांगितलं असेल, अहेव गेल्या म्हणून. आधी लावलं असेल. सांगायला नंतर लागलं असेल."

नवऱ्याने पाटी पुन्हा एकदा वाचली.

मी उघडा करंडा घेऊन उभी होते आणि माझा हात अवघडला होता. सर दारापाशी जाऊन बाहेर बघत होते, आपण न पाहिलेलं बरं अशा बेताने. इथे फ्रिज नव्हता.

"बंद का करत नाहीस तो?" सासूबाई म्हणाल्या.

"कसा करू? लावलं कुठे अजून?"

"स्वतःला लाव."

"माझ्या कपाळाला आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग थोरलीकडे पाहिलं. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. घरी डोळ्यांत थेंब घालून घेताना करतात तशी.

"लवकर," त्या म्हणाल्या. "डाळ वाटायची आहे."

मी आधी हळद लावली, मग कुंकू. तीन वर्षं मोकळ्या राहिलेल्या त्या कपाळावर कुठे मधोमध आहे तेच मला समजेना. नवऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि पुलाबद्दल काहीतरी बोलला. सासूबाईंनी चष्मा घातला, खिडकीच्या काचेत स्वतःला पाहिलं.

"वाकडं लावलंस. फ्रिजला बरं सरळ लावतेस."

"फ्रिज हलत नाही, आई."

त्यांनी माझ्या हातातून करंडा घेतला. माझ्या कपाळावर आधीच होतं, तरी त्यावर त्यांनी त्यांच्या बोटाने लावलं. दाबून, नीट, मधोमध. सासरे गेल्यापासून त्यांनी कुणाला लावलं नव्हतं. मग करंडा मिटून माझ्या पर्समध्ये टाकला आणि उठताना थोरलीला सांगितलं, "येते गं." पाटी बदलायला त्यांनी सांगितलं नाही. सरांना एवढंच म्हणाल्या की खुर्ची तिथेच राहू द्या, लोकांचे गुडघे दुखतात.

घरी जाऊन त्यांनी डाळ वाटली. मी फोडणी दिली. पाच वाजता पहिली बेल वाजली तेव्हा मी सवयीने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं आणि खोली रिकामी होती. सासूबाई हॉलमध्ये सोफ्यावर, गौरीच्या झोपाळ्याशेजारी बसल्या होत्या, कुंकू वाकडं ते वाकडंच. आलेल्या बायकांपैकी कुणी काही विचारलं नाही, सगळ्यांनी नुसतं पाहिलं. सासूबाईंनी वाटीतली डाळ चमच्याने तोंडात घातली, चावली, आणि खोलीभर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगितलं की मीठ कमी आहे.